खालची फळी

सदा घाडी कुणाच्याही घरी गेला तरी लगेच बसायचा नाही. खुर्ची असो, पलंग असो, नाहीतर नुसती लादी, आधी पंजा ठेवून दाबून बघायचा. डुगडुगत नाही अशी खात्री झाली की मग टेकायचा. नवीन माणसाला वाटायचं, हा धूळ बघतोय. एका साखरपुड्यात मुलीच्या आईने उठून खुर्ची पदराने पुसली होती. सदा तिला म्हणाला, "खुर्ची स्वच्छ आहे हो. पाय आखूड आहे, मागचा डावा." आणि खिशातून कागद काढला, चार घड्या घातल्या, पायाखाली सरकवला आणि बसला. लोक हसले. तो हसला नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही.

आमची चाळ करी रोडला. आता नाही, होती. दुसऱ्या मजल्यावर माझी खोली जिन्याजवळ आणि तिसऱ्या दारात सदा. आई होती तोवर आईबरोबर, मग एकटा. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बावन्न-त्रेपन्नचा असेल, अंगाने काटकुळा, शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटा ब्रश आणि पत्र्याच्या पातळ पट्ट्यांची डबी.

धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. लालबागला मसाल्याच्या गल्लीजवळ एका दुकानात तो नोकरीला होता. मसालेवाल्यांचे काटे दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात, त्याआधी ते सदाच्या हाताखालून जायचे. काटा खोटं दाखवतो अशी तक्रार घेऊन कोणी आला की सदाचं ठरलेलं वाक्य. "काटा खोटं बोलत नाही. खालची फळी बोलते." बहुतेक वेळा तेच निघायचं. काटा ठीक, दुकानदाराने तो ठेवलेला असायचा तिरक्या फळीवर.

त्याची आणखी एक रीत होती. दुरुस्त केलेल्या काट्यावरचं पहिलं वजन विकायचं नाही. मूठभर धणे, दोन हळकुंडं, जे असेल ते तोलायचं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला देऊन टाकायचं. पहिलं माप दिलं की काटा पुढे खरं बोलतो, म्हणायचा. आमच्या घरात त्याच्यामुळे धण्याच्या पुड्या साठलेल्या असायच्या.

इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा दुकानातली जुनी माणसं घरी बसली. सदा बसला नाही. जुन्या बाजारातून पुस्तकं आणली, संध्याकाळच्या क्लासला गेला आणि काट्याच्या आत जे लिहिलेलं असतं ते वाचायला शिकला. वाचता वाचता लिहायला लागला. त्यातून त्याने कॅरमचा खेळ केला, मोबाइलवरचा. नाव ठेवलं 'गॅलरी', कारण आमचा कॅरम गॅलरीतच चालायचा.

मी सातवीपर्यंत शिकलो आणि पुढे मिलमध्ये साचे, म्हणजे माग चालवले. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढंच सांगतो. हा खेळ कुणाच्या मालकीचा नव्हता. आत काय लिहिलंय ते सगळं उघडं. ज्याला पाहिजे त्याने वाचावं, चूक दिसली तर सांगावी, दुरुस्त करून पाठवावी. मी एकदा विचारलं, एवढी मेहनत करतोस आणि असा उघड्यावर टाकतोस, ते का रे. त्याने मलाच विचारलं, "तात्या, चाळीतला बोर्ड कोणाचा आहे?" तो बोर्ड कोणी आणला ते कोणालाच माहीत नव्हतं. सोंगटी हरवली की कोणीतरी आणायचं, बोरिक पावडर संपली की कोणीतरी आणायचं. "तसंच," तो म्हणाला.

कुठली कुठली माणसं त्याला लिहायची. त्यांच्याबद्दल तो असा बोलायचा की जणू ती पलीकडच्या चाळीत राहतात. कोलंबोला एक शाळामास्तरीण होती, तिचं तर रोज काही ना काही असायचं. सदा सकाळी पाच ते आठ गॅलरीत बसायचा, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी काट्याच्या तक्रारींची वही. खेळातली चूक तो त्याच वहीत लिहायचा आणि तिला 'खोट' म्हणायचा. मी नळावर पाणी भरायला निघालो की मला थांबवून वाचून दाखवायचा. "कोलंबोच्या बाई म्हणतात, राणी कव्हर होताना खेळ अडकतो." मी म्हणायचो, मग काढ अडकलेला. तेवढाच माझा सहभाग.

खरा सहभाग माझ्या बायकोचा. सुमन. सदा तिला काकी म्हणायचा.

पूर्वी पुरुष पहिल्या पाळीला गेले की दुपारी बोर्ड बायकांचा असायचा. बोर्ड आमच्या दारासमोर, एका उलट्या पिंपावर. सुमन आमच्या दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसायची, जिन्याकडे तोंड करून. चाळीस वर्षं तिची तीच जागा. तिथून तिला हरवणारा माणूस आमच्या चाळीत नव्हता, आणि मी तर नव्हतोच. ती खेळताना बोलायची फार. सदाचा फटका चुकला की म्हणायची, "सदा, तुजो काटो हलता." सदा मान खाली घालून पावडर पुसायचा.

खेळ बनवायचा तर सोंगटी किती जोराने मारली की किती सरकते, कडेला लागून कशी फिरते हे मोजायला हवं. सदाने गॅलरीतल्या बोर्डाच्या वर एक दांडी बांधली, तिला मोबाइल लटकवला आणि तीन रविवार सुमनला एकटीला खेळायला बसवलं. ती मारत होती, तो मोजत होता. म्हणजे तो खेळ तिच्याच बोटातून निघालेला.

पुढे तिचे गुडघे गेले. मग हाडांचं दुखणं निघालं, परळच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि ती कॉटवर आली. तेव्हा सदाने तिच्या मोबाइलमध्ये खेळ घालून दिला. तिने दोन फटके मारले आणि म्हणाली, "हो तर आपलोच बोर्ड रे." कौतुक म्हणून बोलली असं आम्हाला वाटलं. ती शब्दशः खरं बोलत होती, पण ते कळायला वेळ लागला. कॉटवर पडल्या पडल्या ती कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांना हरवायची. सकाळी औषधाआधी एक डाव, संध्याकाळी दिवा लावून झाला की एक. सून फोनवर विचारायची, आई काय करतायत. मी सांगायचो, इंडोनेशियाच्या माणसाला रडवते आहे.

सदाने मग मोठं काम काढलं. दुसरं व्हर्जन. जुनं सगळं उसकटून नव्याने विणायचं. त्यात पाच-सहा वर्षं गेली. जुन्या फोनवर चाललंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. आमच्या चाळीत नवे फोन होते किती? आणि कोलंबोच्या बाईंची एक तक्रार होती, जी पहिल्यापासून त्याच्या वहीत न खोडलेली राहिली होती. बाईंचं म्हणणं, सोंगटी डावीकडे ओढ खाते. सदाने त्यांना काय कळवलं असेल? तेच. खालची फळी बघा, तुमचं टेबल तिरकं असेल.

बाईंनी एक फोटो पाठवला. टेबलावर फोन आणि फोनशेजारी पाणसळ. गवंड्याकडे असते ती, बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा बरोबर मध्ये. सदाने तो फोटो मला दाखवला. "माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं बाईने," म्हणाला. तरी त्याचा विश्वास बसला नाही. बोटाची सवय असेल, म्हणाला.

नव्या व्हर्जनसाठी त्याने पुन्हा मोजमाप करायचं ठरवलं. या वेळी बोर्ड दुकानात नेला, काटे तपासायच्या कडाप्प्यावर. तो कडाप्पा त्याने स्वतः बसवलेला, केसाएवढा फरक नाही. त्या संध्याकाळी तो परत आला तो घरात गेलाच नाही. आमच्या दारासमोर उकिडवा बसला, खिशातून एक गोटी काढली आणि लादीवर ठेवली. गोटी हळूहळू निघाली आणि कठड्याखालच्या पन्हाळीत जाऊन पडली.

"तात्या," तो म्हणाला, "गॅलरी उतरती आहे."

आता हे कोणाला माहीत नव्हतं? पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून बांधणाऱ्याने ती कठड्याकडे उतरती ठेवलेली. आमच्या बायका गॅलरीत पोळपाट ठेवायच्या तो खाली कपड्याची घडी घालून. पण बोर्डाखाली कोणी कधी घडी घातली नाही, कारण आमचे हातच तसे घडलेले. सुमन जिथे बसायची तिथून कठडा डाव्या हाताला. तिचे फटके मोजून सदाने खेळ केला, आणि करी रोडच्या गॅलरीचा उतार जगभर गेला. जो माणूस साऱ्या लालबागला खालची फळी बघायला सांगत फिरला, त्याने स्वतःची कधी बघितली नाही.

तो लाजला फार. दोन दिवस बाईंना काही कळवलं नाही. मग कबुली लिहिली आणि उतार काढून टाकला. खेळ सपाट झाला. मग त्याच्या नियमाप्रमाणे पंधरा दिवस हात बांधून बसायचं, नवीन काही घालायचं नाही, फक्त खोट शोधायची.

त्या पंधरा दिवसांतली गोष्ट. मी हॉस्पिटलमधून एकटाच परतलो होतो, रिपोर्टची पिशवी घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या औषधाने बोटं बधिर होऊ लागतील, घाबरू नका. जिन्याच्या तोंडाशी सदा भेटला. म्हणाला, "तात्या, काकींचा नेम जुन्या फळीवर बसलाय. नव्यावर चुकणार. त्यांना आधी सांगून ठेवतो."

मला त्या वेळी बोटं, हात, नेम यातला एकही शब्द ऐकायचा नव्हता. मी म्हटलं, "खेळ आहे तो, सदा. तिच्या डोक्याला आणखी ताप नको. चार दिवसांत बसेल हात. काही सांगू नकोस."

तो म्हणाला, "सांगायला पाहिजे, तात्या."

मी म्हटलं, "माझी बायको आहे."

त्याने बाजूला होऊन मला वाट दिली.

रिलीजच्या दिवशी सदाने रजा टाकली. सकाळी अंघोळ करून लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, बाईंना फोन करून विचारलं, सोडू का, आणि बटण दाबलं. मजल्यावरची सगळी माणसं आमच्या खोलीत, कारण त्याची रीत. नव्या काट्यावरचं पहिलं माप द्यायचं. नव्या खेळातला पहिला डाव त्याने काकींना दिला. तिच्या मोबाइलमध्ये नवा खेळ घातला, तिच्या पाठीला उशी लावली, मोबाइल हातात दिला. नवा घातला की जुना पुसला जातो, हे मला ठाऊक होतं.

राणी भोकाच्या तोंडाशी होती. पोर पण मारेल असा फटका. सुमनने मारला आणि तो उजवीकडून गेला. तिने पुन्हा मारला. पुन्हा उजवीकडून. तिसऱ्या वेळी तिने वेळ घेतला, बोट फुंकलं, पदराला पुसलं, आणि मारला. कोणीतरी म्हणालं, होतं असं काकी. तिने मोबाइल उशीवर पालथा ठेवला. आपली बोटं डोळ्यांसमोर धरून उघडमीट केली.

"हात गेलो रे माजो, सदा," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. डॉक्टर जे बोलले ते मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिने ते स्वतःच वाचलं, आणि चुकीचं वाचलं.

सदाने माझ्याकडे बघितलं. मी लादीकडे बघितलं. लोक पेढे खाऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिने चहाचा कप धरला नाही. म्हणजे धरता येत होता, पण धरला नाही. मी पाजायला लागलो. वेणी ती स्वतः घालायची, तीही सोडली. हात चादरीखाली ठेवायची, दुसऱ्याची वस्तू सांभाळून ठेवावी तसे. मोबाइल वाजला की मान भिंतीकडे. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. पण ते बोलायचं म्हणजे मला ठाऊक होतं हेही बोलावं लागलं असतं. मी रोज उद्यावर टाकलं.

त्या आठवड्यात सदा कामावर गेला नाही. गॅलरीत बसून होता. ज्या रिलीजची जगातून वाहवा येत होती त्याचं एक अक्षर त्याने वाचलं नाही. जो उतार खोट म्हणून काढला होता, तोच तो परत घालत होता. सगळ्यांना नाही, ज्याला पाहिजे त्याने निवडावी अशी एक वेगळी फळी. सपाट फळी आणि ही. कोलंबोच्या बाईंनी विचारलं, एवढ्या मुश्किलीने सरळ केलं ते वाकडं का करता? सदाने काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. उलट उत्तर आलं ते त्याने वाचून दाखवलं. "मग आजच पाठवा." फळीचं नाव त्याने ठेवलं 'काकी'. लोक विचारायचे, हा शब्द कुठला. तो लिहायचा, शेजारच्या घरातली बाई, जी आपल्यापेक्षा चांगलं खेळते.

फळी तयार झाली त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला तो आमच्याकडे आला. कॉटच्या कडेला पंजा ठेवून दाबला, बसला. मी गॅसपाशी होतो, चहा टाकत होतो.

"काकी," तो म्हणाला, "हात तुमचो बरोबर आसा. फळी मी बदललंय." आणि सगळं सांगितलं. गॅलरी, पिंप, गोटी, कडाप्पा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मेल्या, मगे आदी सांगूक काय झाला हुता तुका?"

चहा वर आला होता. मी गॅस बारीक केला नाही. सदा बोलेल आणि सुमन माझ्याकडे वळेल, या हिशेबाने मी पाठ करून उभा होतो.

"चुकला माजा, काकी," सदा म्हणाला. "डोक्यातच इला नाय."

एवढंच. त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. तिने चादरीखालून हात काढला, बोट फुंकलं आणि मारलं. राणी गेली. दुसऱ्या फटक्यात कव्हर. ती सदाला म्हणाली, काट्यांचीच दुरुस्ती कर, माणसांच्या वाटेक जाव नको. तो मान खाली घालून बसला, पूर्वी पावडर पुसायचा तसा. ओटा चहाने भरला होता. उरलेला ती स्वतःच्या हाताने कप धरून प्यायली.

चार दिवस ती खेळली. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात नेली, आणि तिथून ती परत आली नाही. जाताना तिचा राग सदावर होता, थोडासा, मायेतला. माझ्यावर नव्हता. तो माझा होता, सदाने तो स्वतःच्या नावावर घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

सुमन गेल्यावर वर्षाच्या आत चाळ खाली करायची नोटीस आली. पाडून टॉवर होणार. आम्हाला तात्पुरत्या इमारतीत खोल्या मिळाल्या, मला एका बाजूला, सदाला दुसऱ्या. तिथे त्याची-माझी भेट झालीच नाही. गेल्या थंडीत त्याच्या दुकानमालकाचा फोन आला. काटा तपासता तपासता सदा कडाप्प्यावर डोकं टेकून बसला, तो उठला नाही. खेळाचं काम आता कोलंबोच्या बाई बघतात. 'काकी' फळी अजून आहे. मी कधी कधी खेळतो. इथली लादी सपाट आहे, गोटी ठेवली तर ठेवली तिथेच राहते.

मला सदा शेवटचा दिसला तो चाळ सोडायच्या दिवशी. सामान खाली गेलं होतं, दारं सताड उघडी. मी मागे काही राहिलं का बघायला वर गेलो, तर हा आमच्या दारासमोर लादीवर आडवा पडलेला, गाल जमिनीला लावून. समोर पाणसळ. म्हणाला, तेव्हा घाईत उतार अंदाजाने घातला, जरा कमी पडलाय. काकींनी सांभाळून घेतला. आता गॅलरी पडली की मोजायला काही राहणार नाही.

"काकींची जागा नेमकी कुठची?" त्याने विचारलं.

मी चौकटीला पाठ टेकून बसलो. तिथे लाकूड तिच्या पाठीने गुळगुळीत झालं होतं. सदाने माझ्या पायाशी पाणसळ ठेवली. डबीतून पत्र्याची एक पट्टी काढून तिच्या एका टोकाखाली सरकवली. मग दुसरी. मग आणखी एक. वाकून वाकून बुडबुडा बघत होता. मजल्यावर आम्ही दोघेच. मला वाटलं, आत्ता.

"सदा," मी म्हटलं, "त्या दिवशी जिन्यात मी तुला..."

त्याने वर बघितलं नाही. पंजा माझ्या घोट्यावर ठेवला आणि हलकेच दाबला, खुर्ची दाबून बघायचा तसा.

"तात्या, हलू नका," तो म्हणाला. "बुडबुडा हलतोय."

मी हललो नाही. त्याने आकडा वहीत लिहून घेतला.